डावी नळी, उजवी नळी आणि बाबांचा हात

आमच्या घरात एक पिस्तूल आहे. गेली चार वर्षं मी दर शनिवारी इंग्लंडमधल्या रीडिंगच्या बाजारात उभी राहून बंदुका आणि चाकूंविरुद्ध पत्रकं वाटते, आणि तेवढीच वर्षं हे वाक्य मी आमच्या गटात कोणालाही सांगितलेलं नाही. आता सांगते. यंदाच्या उन्हाळ्यात त्या पिस्तुलावर आरोप सिद्ध व्हावा म्हणून मी जेवढी तळमळले, तेवढी कुठल्याच मोर्चात तळमळले नाही.

आधी हे स्पष्ट करते की ते माणसं मारायचं पिस्तूल नाही. धावण्याच्या शर्यती सुरू करायचं आहे. शेजारीशेजारी दोन आखूड नळ्या, दोन्ही आतून पोलादानं बुजवलेल्या. त्यातून गोळी जाऊच शकत नाही. कोरी काडतुसं भरायची, आवाज होतो आणि वरच्या भोकातून धूर निघतो, बस. चाप एकच. एकदा ओढला की एक नळी उडते आणि दुसऱ्या नळीचा घोडा आपोआप तयार होतो. पुन्हा ओढला की दुसरी. दुसरी कशाला, तर कोणी आवाजाआधीच पळालं तर सगळ्यांना परत बोलवायला. नागपूरचा काका त्याला ‘टिकल्यांची बंदूक’ म्हणतो आणि बाबा फोन आईकडे देतात.

बाबा सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून रीडिंगला आलो. बाराव्या वर्षी मला इथल्या एका अ‍ॅथलेटिक्स क्लबात घातलं. मी दोन उन्हाळे धावले, प्रत्येक शर्यतीत शेवटची आले आणि सोडून दिलं. मला सोडायला येणारे बाबा मात्र तिथेच राहिले. त्यांनी कोर्स केला, परीक्षा दिली आणि स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारे पंच, झाले. अकरा वर्षं झाली. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधणारा हा माणूस रविवारी लाल जॅकेट घालून लाकडी खोक्यावर उभा राहायचा, हात वर करायचा, आणि शंभर माणसं श्वास रोखायची. मला वाटतं, या देशात त्यांना कोणी एवढं ऐकून घेत असेल तर ते त्या खोक्यावर.

मेमधल्या पहिल्याच स्पर्धेत घोटाळा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलींची शंभर मीटर होती. एक मुलगी आधी सुटली. बाबांनी परत बोलवायला चाप ओढला आणि पिस्तूल नुसतं ‘टक्’ म्हणालं. बाबा ओरडले, इतर सात जणी थांबल्या. ती एकटी मुलगी जीव तोडून शेवटपर्यंत पळाली, हात वर करून वळली आणि मागे कोणीच नाही हे बघून मैदानातच रडायला लागली. तिचे वडील बाबांच्या खोक्यापर्यंत आले आणि जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या स्पर्धेत वेगळंच. ‘सेट’ म्हटल्यावर कधी वेळेवर आवाज, कधी उशिरा. उशीर म्हणजे डोळ्याची पापणी लवेल एवढाच, पण धावणारा पोरगा त्या पापणीवरच जगत असतो. पोरं डगमगायला लागली, दोघं तोंडावर पडली. घड्याळ लावून वेळ नोंदणाऱ्या बाई म्हणाल्या की आज स्टार्टरचा हात नेहमीसारखा नाही.

हात. तो शब्द आमच्या घरात आला आणि सोफ्यावर ऐसपैस बसला. माझ्या आजोबांना कंपवात होता. शेवटची सहा वर्षं आजी त्यांना भरवायची. त्यांचं सुरू झालं होतं उजव्या हातापासून, साठीच्या आधी. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

त्या दिवसापासून आई बाबांच्या हाताकडे बघायला लागली. पोळी तोडताना, किल्ली लावताना, शर्टाची बटणं लावताना. बाबांना ते कळत होतं, म्हणून हात आणखी अडखळत होता. एकदा न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा आरशासमोर उजवा हात सरळ धरून उभे होते, बोटं पसरून, आणि ओठ हलत होते. आकडे मोजत होते. मी पाय न वाजवता परत फिरले.

आईनं जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नंबर लावला. पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. त्यावर मी संतापून बोलायला लागले, तर आई म्हणाली, ‘पत्रक नको वाचून दाखवू. कणीक भिजव.’

त्यातच क्लबच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या. निवृत्त शिक्षिका, अत्यंत गोड. चहा घेतला, आईच्या चकल्यांची चौकशी केली आणि मग म्हणाल्या की महिन्याभरात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, स्पर्धा आहेत, तर बाबांना तोवर थोडी विश्रांती घ्यायला आवडेल का, असं कमिटीच्या मनात आलं. इथे पंधरा वर्षं राहिल्यावर मला त्या ‘आवडेल का’मधला हुकूम ऐकू येतो. बाबांनाही आला. ते म्हणाले, कळवतो.

बाई गेल्या आणि मी वर जाऊन लॅपटॉप उघडला. आमच्या गटात पत्रक लिहायचं शिक्षण मिळतं, आणि मी ते मन लावून घेतलंय. एका परिच्छेदात एकच आरोप. जबाबदार कोण ते पहिल्या ओळीत. ‘कदाचित’ हा शब्द वापरायचा नाही. तासाभरात माझं तयार झालं: अकरा वर्षं फुकट राबलेल्या माणसाला ब्राउन आहे म्हणून खोक्यावरून उतरवलं जातंय, कमिटीनं जाहीर माफी मागावी. काउंटीच्या दिवशी गेटवर वाटायला दोनशे प्रती पुरल्या असत्या.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून दोनदा वाचलं.

‘यात पुरावा कुठाय?’

‘पुरावा कशाला? दिसतंय ना.’

‘मलाही दिसतंय. मला माझा हात दिसतोय.’ त्यांनी कागद घडी करून परत दिला. ‘वेळ नोंदणाऱ्या त्या बाई खोटं बोलत नाहीयेत. उशीर होतोय. तो मी करतोय का, ते मला माहीत नाही.’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी ते फटकन बोलले. पत्रकाची सवय. म्हटलं, ‘बाबा, जगातलं सगळं टेस्ट करता तुम्ही. नवा मिक्सर आणला तर त्यातही आधी नुसतं पाणी फिरवून बघता. मग हे का नाही केलं टेस्ट?’

त्यांनी उजवी मूठ एकदा मिटली आणि उघडली. मग म्हणाले, ‘काहून विचारते? उत्तर हाताचं आलं तर काय करू?’

मी कागद खिशात घातला आणि वर निघून गेले.

दोन दिवसांनी तेच म्हणाले, रविवारी सकाळी मैदानावर जाऊ. सेक्रेटरीबाईंना फोन करून त्यांनी परवानगी घेतली. आईही आली, कारण तिला घरी थांबवणं शक्य नव्हतं.

मैदान रिकामं होतं. बाबा खोक्यावर चढले. मी पत्रकांच्या टेबलाला लावायचा स्टँड आणला होता. त्यावर फोन बसवला आणि स्लो मोशन लावलं, अशा अंतरावर की चापावरचं बोट आणि वरचा धूर दोन्ही एकाच चौकटीत यावेत. आईकडे वाणसामानाची वही आणि पेन. तिनं फक्त उजवी की डावी लिहायचं होतं. पण पहिला बार उडताच तिनं दोन्ही कानांत बोटं घातली ती काढेचना. दर वेळी ‘आता कोणती झाली?’ असं ओरडून विचारायची. बाबा वरून शांतपणे सांगायचे. त्यांचा हात वर जाताना हलत होता. मी बघितलं, आईनं बघितलं, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

वीस काडतुसं झाली. मग गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवून तिघांनी डोकी एकत्र आणली.

पडद्यावर बोट हळूहळू मागे येतं. चाप टेकतो. बोट थांबतं. मग धूर. बाबा एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत होते, ऑफिसात मोजत असतील तसे, तोंडातल्या तोंडात. उजव्या नळीचा धूर दर वेळी तेवढ्याच फ्रेमांनंतर. एकही इकडेतिकडे नाही. डाव्या नळीचा कधी तेवढ्यालाच, कधी दुप्पट उशिरा, कधी त्याहून उशिरा, आणि दोनदा आलाच नाही. बोट मात्र प्रत्येक वेळी सारखंच. हात वर नेताना थरथरणारा माणूस चाप ओढताना दगडासारखा स्थिर होता.

‘एकाआड एक,’ बाबा म्हणाले. मग पुन्हा, ‘एकाआड एक.’

आता मलाही कळलं. प्रत्येक शर्यतीआधी ते दोन्ही नळ्या भरून घेत, पण पिस्तूल आधी कुठली नळी उडाली ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी दुसरी उडवतं. म्हणजे एक शर्यत उजवीनं सुटायची, पुढची डावीनं. मध्ये कोणी आधी पळालं की परत बोलवण्यात दुसरी नळी जायची आणि शर्यत पुन्हा पहिल्याच नळीनं सुटायची. लांबून बघणाऱ्याला वाटणार, म्हाताऱ्याचा हात कधी चांगला, कधी वाईट.

आई रडायच्या बेतात होती. मी तर भाषणाच्या बेतात होते. बाबांनी आम्हां दोघींना थांबवलं. ‘डावी नळी वाईट आहे, एवढंच सिद्ध झालं. माझा हात चांगला आहे, हे नाही झालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

‘अहो, एक दिवस तरी टेस्टिंग बंद ठेवा,’ आई म्हणाली. पण गाडीत बसल्यावर बाबांनी रेडिओ लावला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी मी पत्रकांना सुट्टी दिली आणि आम्ही तिघं न्यूबरीच्या पुढच्या एका खेड्यात गेलो. तिथे बंदुका दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. भिंतीवर सगळीकडे शेतकऱ्यांच्या आणि पक्षी मारणाऱ्यांच्या दुनळी बंदुका टांगलेल्या. पक्ष्यांच्या शिकारीविरुद्ध मी दोन पत्रकं लिहिलेली आहेत, त्यातलं एक बऱ्यापैकी जहाल. दारातच आईनं माझा दंड धरून सांगितलं, ‘आज मुकी आहेस.’

आजोबांनी नाकावर एक आणि कपाळावर एक असे दोन चष्मे लावले होते. बाबांनी त्यांना फ्रेमांचा तक्ता दिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, पन्नास वर्षांत गिऱ्हाइकानं असा कागद पहिल्यांदा आणलाय. सगळे नुसतं म्हणतात की साली बिघडली. मग त्यांनी बाजूची पट्टी काढली, दिवा खाली ओढला आणि बाबांना जवळ बोलावलं.

आधी उजवी बाजू. जिथे घोडा अडकून राहतो ती कड त्यांनी टोकदार काडीनं दाखवली. थोडी गोलसर झाली होती. ही रोजची झीज, म्हणाले, हजारो बार झालेत, अजून हजारो होतील. मग डावी. तिथली कड एका बाजूनंच घासली होती आणि ताजी चमकत होती. घोडा पडायच्या वाटेवर काहीतरी होतं, त्याला घासत, अडखळत तो पडायचा. कधी उशिरा, कधी एवढा हळू की काडतूस उडायचंच नाही. आजोबांनी चिमटा आत घातला, जरा फिरवला आणि पांढऱ्या कागदावर काहीतरी ठेवलं. तेलानं घट्ट झालेला विटकरी रंगाचा गोळा, आणि त्यात अर्धा तुटलेला, पिवळट दाणा.

त्यांनी वरचा चष्मा खाली घेतला.

‘हा तांदूळ आहे का?’

आजोबांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे, मी आईकडे. आई भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या कुत्र्याकडे बघत होती.

‘आई?’

‘अक्षता आहेत,’ ती कुत्र्यालाच म्हणाली. ‘मी वाहिल्या.’

तर झालं होतं असं. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. आई पाटावर सगळं मांडते: स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल मशीन, कात्री, विळी, बाबांचा लॅपटॉप, आणि त्यांचं पिस्तूल. हळद-कुंकू, अक्षता, फूल. दर वर्षी पूजा झाली की बाबा पिस्तूल उचलून ब्रशनं झाडायचे, फडक्यानं पुसायचे आणि पेटीत ठेवायचे. दहा वर्षं काही बिघडलं नाही. गेल्या खंडेनवमीला मात्र मी ऐन पूजेत उभी राहून भाषण केलं. जगात रोज माणसं मरतायत आणि आपण बंदुकीला कुंकू लावतोय, हे चालणार नाही, ते पाटावर असेल तर मी जेवणार नाही. आईनं मुकाट्यानं पिस्तूल पाटावरून काढलं. वाद मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिनं कपाट उघडलं, पेटीतल्या पेटीतच पिस्तुलाला हळद-कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या, हात जोडले आणि पेटी बंद केली. बाबांना सांगितलं नाही, कारण बाबा मला सांगतील. त्यामुळे ते कोणी झाडलं नाही. सहा-सात महिने तेल, कुंकू आणि तांदूळ कपाटात एकजीव होत बसले.

आईनं हे सगळं त्या आजोबांच्या दुकानात, मराठीत, एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘वर्षभर हातात धरता ते. एक दिवस नमस्कार नको का करायला?’

माझ्याकडे जबाबदार व्यक्तीचं नाव पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, आणि ते नाव कोणाचं हे मला कळलं होतं.

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते आजोबांच्या स्टुलावर बसून डोळे पुसत हसत राहिले. आजोबांना काय झालं ते कळेना. मी इंग्रजीत समजावलं की आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांचे आभार मानतात. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, म्हणजे हातोड्याचे पण? मी हो म्हटलं. त्यांनी भिंतीवर लावलेल्या आपल्या कानशींच्या ओळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, चांगलंय, फक्त तांदूळ नळीपासून लांब ठेवा. त्यांनी घासलेली कड पुन्हा सरळ करून दिली, डाव्या बाजूची स्प्रिंग बदलली आणि मागच्या अंगणात नेऊन बाबांकडून दहा बार काढून घेतले. मला आता स्लो मोशनची गरज नव्हती. कानालाही कळत होतं.

घरी आल्यावर मी नवं पत्र लिहायला बसले. कमिटीला. पुरावा होता, तक्ता होता, व्हिडिओ होता, दोन पानं सहज झाली. अविश्वास, घाई, अकरा वर्षांची सेवा. बाबांनी वाचलं आणि माझ्याच शेजारी खुर्ची ओढून बसले. एका बोटानं टाइप करतात ते. दोन पानं गेली आणि खाली एवढंच राहिलं: पिस्तुलाची डावी नळी खराब होती. दुरुस्त केली, तक्ता जोडला आहे. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. काउंटीला येऊ का?

‘“तुम्ही विचारलंत ते बरं केलंत” कशाला?’ मी म्हटलं.

‘कारण बरं केलं. त्यांनी नसतं विचारलं तर मी अजून आरशासमोर उभा असतो.’

ते आरशाचं मला माहीत आहे, हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. आधीचं पत्रक, ते दोनशे प्रतींचं, मी त्याच रात्री पुसून टाकलं. ते छापलं असतं या विचारानं मला अजूनही मधूनच घाम फुटतो. सेक्रेटरीबाईंचं उत्तर वीस मिनिटांत आलं: जरूर या, आणि त्या बिचाऱ्या मुलीला आपण पुन्हा एकदा पळू देऊ.

राहिला हात. आई म्हणाली, आता कशाला जायचं जीपीकडे. बाबा म्हणाले, वेळ घेतली आहे तर जाणार. ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी आणि आई बाहेर बसलो. भिंतीवर पत्रकं होती, लसीची, धूम्रपानाची, पडण्यापासून जपण्याची. पाऊण तास मी ती सगळी वाचली आणि मला एकाचाही मजकूर आता आठवत नाही. आईनं माझा हात धरला होता.

दार उघडलं. बाबा बाहेर आले, हातात एक कागद. डॉक्टरबाईंनी त्यांना चालवलं होतं, बोटं आपटायला लावली होती, गोल गोल रेघ काढायला लावली होती. तोच कागद ते बरोबर घेऊन आले होते. आतून बाहेर फिरत गेलेली निळी रेघ, अगदी एकसारखी, कुठे थरथर नाही. कंपवाताची काही लक्षणं नाहीत, काळजी करत होतात म्हणून हात हलत होता, असं त्या म्हणाल्या होत्या.

‘आणि?’ आई म्हणाली. तिला बाबांचा चेहरा वाचता येतो.

‘बीपी थोडं वाढलंय.’

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी बहुधा त्यांना नातू झाला असं समजून अभिनंदनाची मान हलवली. गाडीत बसायच्या आत बाबांनी नागपूरला फोन लावला. काका घाबरून विचारत होता, काय निघालं, काय निघालं. आणि बाबा पार्किंगमध्ये येरझारा घालत, हसू दाबत, पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘काही नाही रे, बीपी निघालं. नुसतं बीपी.’